सड्यावरचं घर

रत्नागिरीत घर बघायला येणारं गिऱ्हाईक आज पहिलं विचारतं, रेल्वे स्टेशन किती लांब? त्यामागून शाळा, दवाखाना, गाडी लावायला जागा. पाण्याचं सगळ्यात शेवटी निघतं, तेही ओझरतं, कारण नळ समोर दिसत असतो. माझी उमेदीची सगळी वर्षं जयस्तंभाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात मिळकतींचे शोध घेण्यात गेली. कुणी घर घ्यायचं ठरवलं, बँकेकडे कर्ज मागितलं, की त्या मिळकतीचा मागच्या तीस वर्षांचा इतिहास काढून द्यायचा, हे माझं काम. दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची दोन, तलाठ्याकडचे फेरफार, नगरपालिकेचा नाहीतर ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा. एवढे कागद वाचल्यावर माझं ठाम मत झालं आहे की आमच्या गावातल्या घरांच्या किमतींचा इतिहास हा पाण्याचा इतिहास आहे. कुणी कुणाला किती रुपयांना घर विकलं ते खतात मिळतं. तेवढ्यालाच का विकलं, ते बहुतेक वेळा विहिरीपाशी आणि पऱ्यापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, गेल्यावर कळतं.

जुनी रत्नागिरी खाली वसली. वरची आळी, मधली आळी, खालची आळी, तेली आळी, झाडगाव, राजिवडा, मुरुगवाडा, ही सगळी वस्ती समुद्र आणि खाडीच्या अंगाने, जिथे विहीर खणली की पाणी लागतं आणि नारळ-पोफळ जगते. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, आणि तो झाला याच वस्तीतल्या एका भाड्याच्या घरात. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. ते घर आज सरकारच्या ताब्यात संरक्षित स्मारक म्हणून आहे. लोक फोटो बघून, हात जोडून परत जातात. मी पाहुण्यांना नेते तेव्हा घराचं अंगच बघायला सांगते. चिऱ्याचं जोतं, उतरतं कौलारू छप्पर, आणि आजूबाजूला माडांचं आगर. एकोणिसाव्या शतकातल्या पगारदार माणसाला परवडणारं घर होतं हे, आणि त्याच्या सगळ्या सोयी परसात होत्या.

वर मात्र सडा, म्हणजे कातळाचं पठार. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्याचा कातळ तो धरून ठेवत नाही. पाणी भेगांतून उतरतं आणि खाली दरीत झऱ्याच्या रूपाने निघतं. श्रावणात सडा फुलांनी भरलेला असतो आणि फाल्गुनात त्याच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. माती वीतभर, तीही खळग्यांतून. म्हणून सड्यावर कुणी घर बांधत नसे. गुरं चरायला वर यायची, माणसं गवत काढायला आणि राबासाठी कवळ तोडायला यायची, आणि संध्याकाळी उतरून वाडीत जायची. याच कातळावर उक्षी, निवळी, कशेळी अशा गावांच्या हद्दीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, गवे, मासे कोरून ठेवले आहेत. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या आमच्या गावच्या मंडळींनी उन्हातान्हात पायी फिरून ती कातळशिल्पं शोधली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या माणसांचा सडा आणि आमचा सडा एकच. त्यांनी पाण्याचं काय केलं असेल, हा विचार कातळशिल्पं बघताना माझ्या मनातून कधी गेला नाही.

मी राहते ते घर कुवारबावला आहे, म्हणजे सड्यावरच. तीन गुंठे जागा, चिऱ्याच्या दोन खोल्या, मागे नंतर वाढवलेलं स्लॅबचं स्वयंपाकघर, पुढे पडवी, आणि तिन्ही बाजूंना गडगा. विशेष काही नाही. अशी शेकडो घरं नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, खेडशी या पट्ट्यात आहेत. पण घेताना मी माझ्याच घराचा शोध घेतला आणि नेहमीच्या तीस वर्षांवर थांबले नाही. जितकं मागे जाता येईल तितकं गेले.

सगळ्यात जुन्या कागदांत घर नाहीच, फक्त जमीन आहे, आणि ती खोताची. रत्नागिरी जिल्ह्यात खोती म्हणजे काय होतं ते आता नव्या मुलांना सांगावं लागतं. सरकारचा सारा गोळा करून भरायचा मक्ता खोताकडे. तो वंशपरंपरेचा झाला आणि हळूहळू खोत स्वतःला गावाचा मालक समजू लागला. इंग्रजांनी १८८० साली खोती कायदा केला, तोही खोताचं वतन मान्य करूनच. कुळाने भात पिकवायचं आणि ठरलेला हिस्सा खोताच्या खळ्यावर नेऊन घालायचा. आणि घर? ते कुळाचं, भिंती त्याच्या, वासे त्याचे, खालची जमीन खोताची. कोकणात घरं वाडी-वाडीला विखुरलेली, घाटावरच्यासारखं एकगठ्ठा गावठाण बहुतेक गावांना नाही. त्यामुळे खोताशी बिनसलं की माणसाच्या डोक्यावरचं छप्पर त्याचंच राहायचं, पण ते उभं कुठे करायचं हा प्रश्न पडायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हे रोजचं भय होतं. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं.

खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, प्रत्यक्षात १५ मे १९५० पासून. त्याच सुमारास १९४८ चा कुळकायदा आला. त्याच्या सोळाव्या आणि सतराव्या कलमांबद्दल फार थोडं बोललं जातं. जमीनमालकाच्या जागेवर कुळाने बांधलेलं राहतं घर असेल तर त्याला तिथून हुसकावता येणार नाही, आणि ती जागा विकायची झाली तर पहिला हक्क कुळाचा, असं ही कलमं सांगतात. माझ्या हाताखालून गेलेल्या वाड्यांतल्या घरांपैकी कितीतरी या दोन कलमांच्या आधारावर उभी आहेत. मग १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार ठरला. बत्तीस-ग कलमाखालची चौकशी, हप्ते, आणि शेवटी बत्तीस-मचं सर्टिफिकेट.

माझ्या घराखालची जमीन अशीच एका कुळाच्या नावावर झाली. खाली पऱ्याकाठी भाताचे चार कुणगे आणि एक विहीर, वर सड्याचा मोठा तुकडा. कुणग्यांसाठी त्या कुळाने किती वर्षं हेलपाटे घातले ते फेरफारांच्या तारखांवरून समजतं. सड्याचा तुकडा पदरात आपोआप पडला, कारण खोतालाही तो नको होता. सातबाऱ्यावर तो वरकस, बराचसा पोटखराबा. आकार नावापुरता, आण्यांत.

जुनी खतं वाचायला मला फार आवडायचं. स्वातंत्र्यापूर्वीची पुष्कळशी मोडीत. शंभर किंवा त्याहून जास्त रुपयांचा व्यवहार नोंदवलाच पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, म्हणून नव्व्याण्णव रुपयांची खतं भरपूर. त्या खतांतून घराच्या सोयी कशा मोजत, ते बघण्यासारखं आहे. विहिरीचा चौथा हिस्सा. सामाईक फणसाचा तिसरा हिस्सा. पाणंदीने गुरं नेण्याआणण्याची वाट. पावसाळ्यात शेजाऱ्याच्या आगरातून पाणी काढून द्यायचा पाट. आणि शेवटी झाडझाडोरा, दगडधोंडा, जमिनीखालच्या ठेव्यासकट सगळं. आज जाहिरातीत स्टेशन पाच मिनिटांवर असं छापतात, तेव्हा रहाट कितव्या पावलावर ते लिहीत.

पूर्वी नोंदवलेल्या दस्तांचे फोटो निघायचे पुण्याच्या सरकारी कार्यालयात, आणि मूळ खत हातात यायला महिनेच्या महिने जायचे. २००२ च्या आसपास संगणक आला, आणि पक्षकार खत घेऊनच घरी जाऊ लागले. कामाला गती आली याचा मला आनंद आहे. पण त्याबरोबर वर्णनं आखूड झाली. चतुःसीमेत पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, एवढं येतं. विहीर, वाट, पाट गळून पडतात. छापील मसुद्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

सड्याला भाव यायला लागला तो ऐंशीच्या दशकात. एकदम नाही, आणि एका कारणाने नाही. मिरजोळ्याला एमआयडीसी झाली, कारखाने आले, आणि कारखान्यांसाठी काजळी नदीवर हरचिरीच्या धरणातून पाणी वर आलं. माझ्या मते सड्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. शहराला शीळ आणि पानवलच्या धरणांचं पाणी होतंच, पण ते शहरापुरतं. कारखान्यांची पाइपलाइन गेली, मग तिच्यातून आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना पाणी मिळू लागलं, आणि पहिल्यांदा असं झालं की माणूस डोंगर न उतरता सड्यावर हंडा भरू शकतो. त्यातच १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. लालबाग-परळमधून आमची माणसं परत यायला लागली. काही मूळ वाडीत गेली, पण वाडीतलं घर चार भावांत वाटलेलं. ज्यांच्या हातात थोडी पुंजी होती त्यांना रत्नागिरीजवळ, रस्त्याला लागून, स्वतःच्या एकट्याच्या नावावर तुकडा हवा होता.

ज्याच्या नावावर ही जमीन झाली त्या कुळाचे मुलगे तोवर मुंबईत नोकरीला. त्यांनी कुळकायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाची परवानगी काढली, बिनशेती करून घेतली, आणि १९८६ साली सड्याचे प्लॉट पाडले. खालची विहीर आणि कुणगे स्वतःकडे ठेवले. आमचा प्लॉट घेतला एका प्राथमिक शिक्षकांनी. त्या पहिल्या खताची रक्कम पंधरा हजार. गुरुजींनी कातळाला सुरुंग लावून खड्डा काढला, बैलगाडीने माती आणून भरली, आणि हापूसचं कलम लावलं. शेजारच्या खाणीवरून चिरे आणले. छपराला मंगलोरी कौलं. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि गलबतांनी ती कोकणच्या बंदरांत उतरू लागली. गुरुजींची मात्र ट्रकने आली. कौलांवरचा कारखान्याचा ठसा अजून वाचता येतो.

गुरुजींच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर सुरुवातीला वीज नाही, नळ नाही. दोन वर्षांनी वीज, आणि आणखी तीनेक वर्षांनी नळ. त्या मधल्या काळात गुरुजींच्या बाई खाली पऱ्यावर जात. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. दोन खेपा सकाळी, एक संध्याकाळी, आणि येताना चढ. मी शोधाच्या अहवालात घराच्या मालकांची यादी लिहीत आले, पण त्या घरात राहणं ज्यांनी शक्य केलं त्यांचं नाव एकाही रकान्यात नसतं. घर गुरुजींच्या एकट्याच्या नावावर.

मग रेल्वे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत मार्ग पूर्ण झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा उंच पूल, दोन्ही आमच्याच भागातले. रत्नागिरीचं स्टेशन शहरात आलं नाही, ते कुवारबावच्या बाजूला सड्यावर झालं, कारण गाडीला चढउतार नको आणि सडा सपाट. त्या एका कारणाने खालच्या आगरापेक्षा वरचा कातळ महाग झाला. रेल्वेसाठी ज्यांची कलमं आणि घरं गेली त्यांच्या मोबदल्याची प्रकरणंही मी टाइप केली आहेत. त्या कागदांत एकेका झाडाचं वय आणि घेर मोजलेला असायचा, आणि तो आकडा सांगताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज चिरकायचा.

गुरुजींच्या मुलाने १९९७ मध्ये हे घर विकलं, रेल्वेमार्ग पूर्ण व्हायच्या बेतात असताना. घेणारे गिरणीतून बाहेर पडलेले गृहस्थ. त्यांनी स्वयंपाकघर वाढवलं, त्यावर स्लॅब टाकला. कोकणातल्या पावसात स्लॅब गळतोच. चार पावसाळ्यांनी त्यांनी स्लॅबवर लोखंडी कैची उभारून पत्रे घातले. रत्नागिरीच्या कुठल्याही कॉलनीत वर बघा, स्लॅबवर पत्र्याचं दुसरं छप्पर दिसेल. कौलांनी पाऊस शतकभर निमूट खाली सोडला, ते काम सिमेंटला जमलं नाही.

ते गृहस्थ वारले, आणि २००६ मध्ये त्यांच्या पत्नीने घर आम्हाला विकलं. दोन मुलगे, दोन लग्न झालेल्या मुली. भावांचं म्हणणं, बहिणी हक्कसोडपत्र देतील, त्यांना काय करायचं आहे. निबंधक कार्यालयाच्या बाकावर त्या बाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्या म्हणाल्या, "पोरींनी सही करायची तर विकणाऱ्या म्हणून करायची. पैसे पाच जागी वाटायचे." वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलींचा वाटा १९५६ पासूनच आहे, पण आमच्याकडे तो बहुधा हक्कसोडपत्रात विरतो. त्या दिवशी खतावर पाच जणांच्या सह्या-अंगठे झाले. माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेलं सगळ्यात स्वच्छ खत माझ्याच घराचं आहे, आणि ते त्या बाईंमुळे. आम्ही ते नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं.

१९८६ च्या पहिल्या खतात वर्णनाच्या शेवटी एक ओळ होती. प्लॉटधारकाला पऱ्याकाठच्या विहिरीवर पाणी भरण्याचा आणि तिथे पायवाटेने जाण्यायेण्याचा हक्क राहील. १९९७ च्या खतात ती जशीच्या तशी उतरली, २००६ च्या खतात मी ती मुद्दाम ठेवून घेतली. नळ होता, विहीर कुणाला आठवतही नव्हती. फक्त मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आमच्या ओळीतल्या बायका गोधड्या धुवायला खाली जायच्या. ती पद्धत मोडली नव्हती.

पुढे मिऱ्या-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण आलं. कुवारबावच्या रस्त्याकाठची दुकानं मागे सरली, झाडं गेली. अशाच एका उन्हाळ्यात आमचा नळ बंद पडला आणि बंदच राहिला. टँकर येई तो तिसऱ्या दिवशी, आणि कॉलनीच्या तोंडाशी. बायका कळश्या घेऊन खाली गेल्या तर वाटेवर जाळी आणि फाटक. कुणगे आणि विहीर कुळाच्या मुलांनी मधल्या काळात विकली होती. घेणाऱ्याने तिथे कलमांची बाग केली होती, आणि राखणदार ठेवला होता. राखणदार बिचारा भला माणूस. तो म्हणाला, "वयनी, कागद हाय काय तुमच्याकडं? कागद दाखवा, मी साहेबांना सांगतो."

कागद होता. मी घरातलं खत काढलं, दुसऱ्या दिवशी सूची दोनवरून बागेच्या खरेदीखताची नक्कल काढली. त्यात विकणाऱ्यांनी जमीन दिली होती ती तिच्यावर असलेल्या सुविधाधिकारांसह. म्हणजे बाग घेणाऱ्याने आमचा हक्क मान्य करूनच ती घेतली होती, ते खत त्याने वाचलं नव्हतं इतकंच. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे, मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. वीस वर्षं अखंड वापर बंद राहिला तर असा हक्क संपू शकतो, असं त्यात आहे. आमचा वापर बंद पडला नव्हता. दरवर्षीच्या गोधड्या होत्या, आणि त्या धुतल्याचं सांगायला अख्खी ओळ तयार होती. दोन्ही खतांच्या नकला मी राखणदाराच्या हाती दिल्या. मालकांचा फोन आला. माणूस समंजस निघाला. म्हणाले, "ताई, मला हे कुणी सांगितलंच नाही. फाटकाला कुलूप राहणार नाही." त्या उन्हाळ्यात आमच्या ओळीतली सगळी घरं त्या विहिरीवर निभावली. वैशाखातसुद्धा तिला पुरुषभर पाणी होतं. कातळाने वरून सोडलेलं पाणी तिथेच तर उतरतं.

गेल्या वर्षी आमच्या बाजूचं घर विकलं गेलं. घेणारं जोडपं तरुण, दोघंही नोकरीतली. दस्त लिहिणारा मुलगा छापील मसुदा घेऊन आला होता. विहिरीची ओळ त्यात नव्हती. मी ती घालायला सांगितली तर तो म्हणाला, "काकू, आता बोअर आहे, नळ आहे, ही ओळ कशाला?" मी त्याला शेजारी बसवून सांगितलं: विहिरीचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिही, पायवाट कुठून कुठे जाते ते लिही, तिची रुंदी लिही, पाणी हाताने भरायचं, पंप लावायचा नाही, हेही लिही, नाहीतर उद्या आपलाच माणूस विहीर उपसून टाकील. त्याने लिहिलं. मुद्रांक शुल्क एका रुपयानेही वाढलं नाही. सह्या झाल्यावर त्या नव्या सूनबाईंना मी पायवाटेने खाली नेऊन विहीर दाखवली, आणि मे महिन्यात गोधड्या घेऊन कधी निघायचं तेही सांगून ठेवलं.